चाकाचं दार

मगदूमसाहेबांनी मला बोलावलं
ते दारांसाठी.
तीस वर्षं सांगली डेपोत, बॉडी सेक्शनला,
एसटीची दारं बसवली मी.
तिथलं दार म्हणजे कसं,
कंडक्टरनं अंगाचा भार टाकून आपटायचं,
नाही लागलं तर पुन्हा आपटायचं,
तरी नाही, तर सुतळी.

हे दोन वितींचं.
टाळूसारखं आतून वाकलेलं,
पत्रा असा की नख लागलं तरी बोलतो.
विमान उठलं की चाक पोटात जातं,
त्याच्यामागं हे मिटतं.

विमान असतं वखारभागात,
हळदीच्या बंद गोदामात.
चौदा वर्षं बांधलं त्यांनी, एकट्यानं,
पंख काढून उसाच्या ट्रॉलीवरनं नेतात
कवलापूरच्या माळावर.
बिजागरी उघडली
तर आतलं ग्रीस पिवळं.
गोदाम सोडून वीस वर्षं झाली व्यापाऱ्याला,
हळद काही गेली नाही.

डावं दार पुरतं मिटत नव्हतं.
करंगळी जाईल एवढी फट.
वर गेल्यावर शिट्टी वाजते, साहेब म्हणाले,
पुढचा दात पडलेलं पोर बोलतं ना,
तशी.

मग जॅकवर चढवलं.
ते वर बसून लिव्हर ओढणार,
मी खाली पाठीवर, पोत्यावर.
बोटं बाहेर काढली की मी पत्र्यावर
दोनदा टकटक करायची.
डबल बेल.
चाक वर. दार वर. थांबलं, करंगळीवर.
पुन्हा खाली.
असं सतरा वेळा.

बिजागरीची सळई झिजली होती,
तिच्या भोकाचं अंडं झालं होतं.
मिरजेच्या दस्तगीरनं, सतारी करतो तो,
तारेचं वेटोळं पाठवलं.
लईच बारीक निघाली.
फोनवर विचारतो,
"पण सूर कुठला पाहिजे होता?"
मी म्हटलं, सूर जायलाच पाहिजे रे बाबा.
मोटरसायकलचा स्पोक मी घासून आणला होता.
साहेबांनी हातात घेतला, पाहिला,
माझ्याच खिशात परत ठेवला.
बेंगळुरूहून सळई यायला अकरा दिवस.

त्या अकरा दिवसांत तड सापडली.
लाल रंग लावायचा, पुसायचा,
वर पांढरी भुकटी मारायची.
लपलेली तड मग आपणहून
रेघ ओढून दाखवते.
जिथं संपते, तिथं बारीक भोक पाडायचं.
भोक गोल असतं,
तडीला पुढं जायला कोपरा उरत नाही.

हे घरी सांगितलं
तर इंदुबाई भाकरी थापता थापता म्हणाली,
"पण कुठं संपते, हे कळतं होय?"
भिंगानं, म्हटलं.
ती काही बोलली नाही.
भाकरी उलटली तिनं.

वडील माझे हरिपूरच्या पेवांवर होते.
जमिनीच्या पोटात हळद,
वर माती, झाकण.
उघडलं की लगेच उतरायचं नाही,
आधी कंदील सोडायचा दोरीनं.
विझला, तर काठावर बसून राहायचं.
पाच सालच्या पुरात पेवं गेली.
पण चाकाच्या खोबणीत हात घालायच्या आधी
मी अजून बॅटरी धरतो, आणि थोडा थांबतो.
साहेब हसत नाहीत.

रविवारी सकाळी माळावर नेलं.
सळई नवी, भोकाभोवती ठिगळ,
रिव्हेट आठ. दोन मला आवडले नव्हते,
काढून पुन्हा मारले.
उठलं. चाकं आत गेली.
उजवं दार मिटलं,
डावं जरा मागनं, पण मिटलं.
मी मान वर करून शिट्टी ऐकत होतो.
पहिली फेरी, काही नाही.
दुसरी, डोक्यावरनं, खालून.
नुसतं इंजिन.

तेवढ्यात तासगाव रोडला एसटी थांबली,
कुणी उतरलं,
कंडक्टरनं दार आपटलं.
लागलं नाही.
पुन्हा आपटलं.