पोपडा

अमळनेरचा मे. कूलर रात्रभर घुरघुरतो,
वाळ्याचा वास, नि कोरडा वारा थेट तोंडावर.
पहाटे जाग येते, पण डोळा उघडायचा नाही.
आधी बोटानं चाचपायचं, चिकटलाय का.

विसरले, की झालं.
पापणी उठते ती कसलंसं साल सोबत घेऊनच,
पाण्याची धार लागते, खिडकीतला उजेड बाभळीचा काटा,
आणि मी भिंत धरून मोरीपर्यंत.

दगूबाई म्हणते, डोयाले नजर लागनी.

धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, जुनी जखम आहे.
वरचा थर दर वेळी भरतो, खाली धरत नाही,
घाईत चढवलेला गिलावा जसा.
पूर्वी कधी काही लागलं होतं?

लागलं होतं.
भटू सहा महिन्यांचा. दूध पिता पिता हात उडवला.
केवढंसं नख, पतंगाच्या कागदासारखं.
संध्याकाळी मी ते दातांनीच कुरतडलं.

आता तो सुरतेला, साड्यांच्या दुकानात.
फोनवर विचारतो, डोळा कसाय?
रात्री मलम घालते, म्हणते मी, बराय.

कशानं झालं, ते विचारत नाही.
मी कूलरचं तोंड भिंतीकडे वळवते.