नमुना

चाळीस वर्षं गुळाच्या सौद्यात बोली पुकारली
आणि आज सिस्टरनं घशात फवारा मारून
माझा आवाज कुठंतरी ठेवून दिलाय.
जीभ तोंडात हाय, पण शेजाऱ्याची वाटते.

नळी गेली ते आठवत न्हाई.
आठवतंय दातांतलं प्लॅस्टिकचं कडं,
"डाव्या कुशीवर वळा, मामा,"
आणि मग एकदम शालन :
एका हातात माझी कवळी, एका हातात घड्याळ.

स्कूटरची किल्ली मागितली,
तिनं ती पदराच्या गाठीत मारली.
"उद्या ह्या येळंपर्यंत गाडी न्हाई,
सही न्हाई, सौदा न्हाई."
सौदा न्हाई! भर हंगामात!

रिक्षा दसरा चौकातनं वळली.
कुठंतरी कट उकळत होता,
नाकाला कळलं, घशाला पत्ताच न्हाई.

डॉक्टर म्हणाले होते, जठरात एक लालसर जागा हाय,
तिथली इवलीशी खपली काढून तपासायला पाठवलीय.
हसलो असतो, पण ओठ वळेनात.
रव्याच्या पोटात सुरी घालून
जन्मभर मी दुसरं काय केलं?
खपली काढायची, उजेडाला धरायची,
रंग, कणी, जिभेवर चव, मग भाव.
रव्याला काय वाटत असंल
कधी इचारलं न्हाई.
माझा भाव आठ दिवसांनी फुटणार.

घरी आल्या आल्या कागद फ्रिजवर चिकटला.
पोट फुगंल, ढेकर येतील, घसा खवखवंल : चालतंय.
कळ थांबंना, ताप चढला, रक्ताची उलटी,
शी डांबरासारखी काळी, थुंकी गिळंना, दम लागला :
लगेच फोन.
नंबर दोनदा गिरवलाय,
आणि खाली शालनचं स्वतःचं एक कलम :
"सकाळी बघू, असं म्हणायचं न्हाई."

दुपारी अडतीवरनं फोन. तिनंच उचलला.
"मामांचा घसा अजून झोपलाय," म्हणाली, आणि ठेवला.

मग घशात मुंग्या.
मग थुंकी आपसूक खाली गेली.
तिनं मला सरळ बसवलं, चमचाभर पाणी दिलं
आणि माझ्या गळ्याकडं बघत ऱ्हायली,
तराजूच्या काट्याकडं बघावं तशी.
उतरलं. ठसका न्हाई.

"बोला कायतरी."
"एक वार," मी म्हणालो.
फाटका, पण माझाच आवाज.
दोन वार म्हणायच्या आत
दुसरा चमचा ओठाला लागला.