राज्य, आणि पुढं मोकळी जागा

लोखंडी खुर्च्या चाळीस राहिल्यात आता,
बाकी प्लॅस्टिकच्या, तीनशे दहा.
लोखंडीच्या पाठीवर आप्पांच्या हातचा ऑइलपेंट:
भ. हंगिरगेकर, मंडप कॉन्ट्रॅक्टर,
मु. पो. कडोली, जि. बेळगाव, राज्य
आणि पुढं बोटभर जागा मोकळी.
"निकाल लागला की भरू," म्हणायचे,
ब्रश रॉकेलच्या डब्यात उभा ठेवून.
ब्रश वाळून लाकूड झाला.
आप्पा गेले त्या वर्षी डबाही गळायला लागला.

दसऱ्याआधी समितीची सभा होती.
म्हणजे दोन सभा. समित्या दोन झाल्यात ना.
एक चावडीपुढं सहाला,
दुसरी शाळेच्या पटांगणात साडेसातला,
दोघांचंही सांगणं एकच: तीनशे खुर्च्या पाहिजेत.
माझ्याकडं टेम्पो एक, आणि इराप्पा.
पहिला वक्ता समारोपावर आला तसं आम्ही
मागच्या रांगा उचलायला घेतल्या.
कल्लाप्पा सांबरेकर काही उठेनात.
"मला खुर्चीसकट ने," म्हणाले,
"तिथंबी हेच ऐकायचंय की गा,
मधली दोन वाक्यं तेवढी चुकतील."
नेलं. खरंच नेलं,
मी एका बाजूनं, इराप्पा दुसऱ्या,
टेम्पोत म्हातारा मांडीवर टोपी घेऊन
वरातीतल्या नवरदेवासारखा.

"झालाच पाहिजे" मधला तो "च"
माझ्या लहानपणी वेशीपर्यंत ऐकू जायचा.
आता माईकवाल्याला इको वाढवावा लागतो.

एक नोव्हेंबरला निम्म्या खुर्च्या काळ्या फितींसाठी,
निम्म्या शहरात, लाल-पिवळ्या कमानीखाली.
लाल-पिवळ्यावाल्यांनी रोख दिले.
आमच्यांनी सांगितलं, लिहून ठेव.

दिल्लीवाले पक्ष निवडणुकीत येतात.
कडोलीत भावना म्हणतात, हुक्केरीत इंच.
मी दोन्हीकडं खुर्च्या पोचवल्यात,
शब्द बदलतो, भाडं बदलत नाही.
आणि पलीकडचा मंत्री शिनोळीपर्यंत येतो,
पोलीस अडवतात, तो अडतो,
फोटो होतो, गाडी वळते.
अडवणाऱ्याचं आणि अडणाऱ्याचं
आधी फोनवर ठरत असावं, अशी मला शंका,
पण शंका काही भाड्यानं देता येत नाही.

इराप्पाचं मराठी माझ्या कानडीइतकंच, पोटापुरतं.
परत येताना विचारतो,
"सावकार, तुम्ही तिकडं गेला तर टेम्पो कुठं?"
आम्ही कुठं जातोय, म्हटलं, गावच जाईल.
"मग मी?"
त्याचं घर काकतीला.
मी खुर्च्यांचा दोर आवळत राहिलो,
आवळलेला होता तरी.

सुलक्षणाला विचारलं एकदा, फोनवर.
गडहिंग्लजला नर्सिंगला आहे.
म्हणाली, "बाबा, इथं पोरी मला कानडीण म्हणतात,
आणि दाखल्याला आपला तलाठी मराठी म्हणून बसवून ठेवतो.
आधी दाखला बघा."
बघितला. तीन खेपा झाल्या.

त्या रात्री शाळेतली सभा पांगली
तरी कल्लाप्पा बसूनच.
वळून खुर्चीच्या पाठीवर बोट फिरवत वाचूलालेत:
"राज्य... हं. बापानं जागा चांगली ठेवलीय.
इथं फोन नंबर घाल.
त्यानं गिऱ्हाईक तरी येईल."

रविवारी नवा ब्रश आणला, वीस रुपयांचा.
एका खुर्चीवर करून बघितलं.
बोटभर जागेत सातच आकडे बसले,
शेवटचे तीन कडेवरून मागं वळवावे लागले,
वाचायचं तर माणसानं उठून फिरून यावं.

बाकीच्या एकोणचाळीस तशाच ठेवल्यात.
कोर्टात पुढची तारीख आहे म्हणतात.