आत ओढलेला होकार

स्वीडनच्या पार उत्तरेला होकार बाहेर येत नाही.
ओठांचा चंबू करून ते श्वास आत ओढतात,
बशीतला चहा फुरकावा तसा आवाज,
की झालं.
लग्नं ठरतात त्यावर. जंगलं विकली जातात.
गुन-ब्रिटच्या आईने नवऱ्याच्या शेवटच्या प्रश्नाला
तसाच एक श्वास दिला होता.
म्हणजे घेतला होता.

गुन-ब्रिट लिडग्रेन, स्टुरमीरच्या टॉवरमध्ये एकोणीस वर्षं.
एक धावपट्टी, बर्फ काढणारी एक गाडी,
आणि रात्री पावणेदहाचं टपालाचं विमान.
ते रिगाचा झिगमार्स आणतो. त्याचं इंग्रजी बेताचं,
पण आकडे असे उच्चारतो
जसे कुणी सुटे पैसे मोजून हातावर ठेवावेत.

त्या रात्री उणे एकतीस.
तिने विचारलं, "तोर्ग्नी, पट्टी सोडलीस?"
रेडिओत एक श्वास.
आत जाणारा.
मग नुसती खरखर, कारण नेमका तेव्हाच
वरून झिगमार्सही बोलायला लागला होता,
आणि एका दारातून दोघं एकदम घुसले
की कुणीच आत येत नाही.

ध चा मा व्हायला निदान ध तरी लागतो.
इथे तोही नव्हता.
होता तो श्वास, आणि तिच्या गावात
श्वासाचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला.
"उतरा," ती म्हणाली, "पट्टी मोकळी आहे."

तोर्ग्नीला सांगायचं होतं: नाही, अजून नाही,
पातं रुतलंय.
त्यासाठी त्याने आधी दम घेतला होता, इतकंच.
'नाही' म्हणायलाही
छातीत हवा भरावी लागते.

गाडीचा पिवळा दिवा झिगमार्सला दिसला
तो अगदी शेवटी.
तो जे ओरडला ते लाटवियनमध्ये होतं;
टेपवर आहे, अर्थ कुणी विचारला नाही.
विमान गर्जत वर गेलं.
माझी टोपी उडाली, असं तोर्ग्नी पुढे सांगत असे.
उडाली नव्हती. काचा बंद होत्या.

अहवाल अकरा ओळींचा.
त्यात श्वास हा शब्द नाही.
'अस्पष्ट प्रत्युत्तर' आहे.

दुसऱ्या खेपेला नीट उतरल्यावर
तिघं कॉफीला बसले. बराच वेळ चमच्यांचाच आवाज.
मग झिगमार्सने विचारलं,
"तुम्ही लोक बोलता बोलता सारखे दचकता कशाला?"
कुणी हसलं नाही.

तोर्ग्नीने साखरेचा डबा उचलला,
गुन-ब्रिटकडे पाहिलं: "घालू?"
तिचे ओठ जुळले. श्वास निघाला,
अर्ध्या वाटेत थांबला.
मग ती परक्या मुलखातल्या बाईसारखी
मोठ्याने म्हणाली, "हो."

तो क्षणभर बघत राहिला.
"साखर. एक," त्याने परत म्हणून दाखवलं.

"बरोबर," ती म्हणाली.