फुराखा

गावाचं नाव सूर.
लागायला मला दीड वर्ष गेलं.
समुद्र आहे, पण उलट्या बाजूचा.
इथे सूर्य पाण्यातून वर येतो,
आमच्याकडे पाण्यात जातो.

लॉन्ड्री कुंजुमोनची, इस्त्री माझी.
दिवसाला ऐंशी दिशदाशे, सगळे पांढरे,
सगळ्यांच्या गळ्याशी एक गोंडा. त्याला फुराखा म्हणतात.
माणसं तो अत्तरात बुडवतात
आणि दिवसभर हनुवटीखाली
आपला आपणच वास घेत हिंडतात.

धुतल्याने सगळा जात नाही.
वाफ लागली की गोंड्यातला माणूस उठून बसतो.
एकशे सात : ऊद, आणि ऊदाखाली लपवलेली सिगारेट.
चौसष्ट : नुसता साबण. शाळामास्तर असावा, नवा.
आणि बावीस.

बावीसवर पहिल्यांदा वाफ सोडली
आणि मी इस्त्री उभी करून ठेवली.
आधी एक फूल, नारिंगीचं की चमेलीचं, कळेना.
त्याच्या मागून चक्क सुरंगी,
उमलायच्या आत उतरवून वळेसरात ओवलेली,
आरोंद्याच्या तिठ्यावर टोपलीत असते तशी.
मग काकवी.
आणि सगळ्यांत खाली, हलायचं नाव न घेणारं,
अंबर.

"लेडीज सेंट," शफीकुल हसला.
कुंजुमोन म्हणाला, मॉलमध्ये आहे,
बायकांच्या बाजूला, दुसऱ्या फळीवर.

मग मी बाई रचायला घेतली.
उंचीने त्याच्या गोंड्याइतकी.
निघताना गळ्याशी येऊन काहीतरी सांगणारी,
रोज तेच.
लग्नाला उशिरा पोचून
पहिल्या पंगतीला बसणारी.
चहात साखरेचा तिसरा चमचा घालून वर
"आज कमीच घातली" म्हणणारी.
उसने दिलेले पैसे विसरणारी. घेतलेलेही.
भांडण अर्ध्यात सोडून मांजराला हाक मारणारी.
नावसुद्धा ठेवलं होतं मी, ते सांगत नाही.

सुलक्षणाला फोनवर सांगितलं.
ती म्हणाली, "नुसत्या वासार
केवढो संसार मांडलंस!"

अंबर म्हणजे आभाळ, हे शाळेत शिकलो.
अंबर म्हणजे वस्त्र, हे आरतीतल्या पीतांबरावरून कळलं.
तेरा वर्षं मी अंबरावरच इस्त्री फिरवतोय म्हणायचं.
तिसरा अर्थ कुणी सांगितला नव्हता :
पोटाशी धरून ठेवलेल्या उन्हासारखा,
थोडा चिकट,
उतरायला नाखूष.

कपडे आणायला-न्यायला नेहमी एक पोरगा यायचा.
रमजानच्या आधल्या आठवड्यात बावीस स्वतः आला.
सत्तरीचा, दाराएवढा रुंद,
एका डोळ्यात मोतीबिंदू.
उभी हयात गलबतांच्या फटींत
मुशीच्या तेलात भिजवलेला कापूस ठोसण्यात गेलेली,
बोटं अजून तशीच वाकडी, काहीतरी ठोसायला निघालेली.
कॉलरला खळ जास्त होते म्हणून
त्याने आम्हाला यथेच्छ झापलं.
कुंजुमोनने चहा मागवला.
तो म्हणाला, बिनसाखरेचा.
छातीवर हात ठेवून म्हणाला,
साखर आहे मला.

घरी कोण असतं, शफीकुलने विचारलंच.
भाचा, म्हणाला. आणि एक बोकड.

मग खिशातून बोटभर बाटली काढली
आणि आमच्यासमोर, डोळे मिटून,
गोंडा तिच्यात बुडवला.
घाई नाही. लाज नाही.
दुकानभर सुरंगी.
माझ्याकडे बघत होतास ना, म्हणाला,
आण मनगट.

बाई कुठेच नव्हती.
कधीच नव्हती.
तिचं मोठ्याने हसणं तेवढं
पायऱ्या उतरताना त्याच्या तोंडून ऐकलं,
आणि बाकीचे पैसे घ्यायला तो विसरला.

पुढे चौसष्ट नंबर होता.
मी मनगट न धुताच कॉलर धरली,
वाफ सोडली.
उद्या मास्तर वर्गात जाईल,
फळ्याकडे वळेल,
मागच्या बाकावरची पोरं
काय काय रचतील कोण जाणे.