सोलकरांच्या घरावर सोलर

नाव ऐकून ऑफिसात दोन दिवस हसत होते सगळे.
मी शिडी घेऊन गेलो साखरतरला,
खाडीच्या अंगाला, जिथे खिळासुद्धा
दुसऱ्या वर्षी बिस्किटासारखा मोडतो.
म्हणून स्टेनलेसचे बोल्ट, साहेबाशी भांडून आणलेले.

पत्रकात छापलंय: ऊन फुकट.
हमीदा मावशीला वाचून दाखवलं.
फुकट?
या अंगणातल्या उन्हामागे चाळीस वर्षं
काठी घेऊन बसलेय मी,
कावळे हाकत, मांजर हाकत,
बोंबील त्या दोरीवर, सोडे सुपात,
आमसुलांना कडेची जागा,
ऊन सरकेल तसं सगळं बिऱ्हाड सरकवत.
तुझ्या काचांना यातला कुठला वाटा देऊ, सांग.

वाटा स्लॅबवर मिळाला. पण
तीन वाजले की नागवेकरांच्या माडाची सावली
शेवटच्या पॅनलवर येऊन बसायची,
आणि एकावर बसली की अख्ख्या रांगेचा जीव जायचा.
मी वर बघितलं. तिनेही.
"माडाला हात लावायचा नाय.
त्याचे नारळ माझ्या कालवणात पडतात."
सगळं उपसून चार हात दक्षिणेला नेलं.
साहेबाने कारण विचारलं. मी लिहिलं: माड.

फ्रीजर आला.
सुरमई आता संध्याकाळच्या भावापुढे
मान तुकवत नाही.
दलालाचा टेम्पो दोनदा हॉर्न वाजवतो, जातो.

मग मे महिन्यात, भर दुपारी, फोन:
ऊन मरणाचं आणि फ्रीजर गप्प.
काचांवरचं मीठ धुतलं, तेही गोड्या पाण्याने,
विहिरीत हंडा टेकतोय तळाला, तरी धुतलं.
फसवलंस काय रे?

गावची लाईन गेली होती.
म्हटलं, मावशी, लाईन गेली की आपलं यंत्र
आपणहून थांबतं.
खांबावर कोणी चढला असेल,
आपली वीज उलटी जाऊन
त्याच्या हाताला लागायला नको.

पलीकडे बराच वेळ नुसता वारा.

कोण चढलाय?
शिवगण असेल, वायरमन.
तो पोरगा? बायको पोटुशी आहे त्याची.

मग काहीतरी जड ओढल्याचा आवाज,
गोधडी असेल, किंवा पोती, फ्रीजरवर टाकायला,
कोणाला तरी बर्फासाठी हाक,
आणि मला:
"ठेव आता. उतरू दे त्याला."