एक घंटी

सिमेंटच्या दोन गोण्या, मागच्या अंगणात.
काळी माती, त्यात तिसरा हिस्सा पांझरेची रेती,
कारण आपली माती बटाट्याला आवळून धरते,
वाढूच देत नाही,
असं कृषी केंद्रातला पोरगा म्हणाला.
मी काही पेरायला निघाले नव्हते.
दिवाळीच्या जादा गाड्यांत कोपऱ्यातली टोपली विसरले,
पाहिलं तेव्हा बटाट्यांना जांभळे डोळे फुटलेले.
टाकवले नाहीत. पुरले.

माघात गोणी उलटी केली
आणि बोटांनी चाचपत गेले,
बॅगेच्या तळाशी चिल्लर शोधावी तशी.
अकरा.
एक लिंबाएवढा, दोन सुपारीएवढे,
बाकीचे मधले, कुणाच्या नजरेत न भरणारे.
साल इतकी पातळ
की पहिल्या फेरीला काचेवरचं दव पुसावं
तसा नुसता अंगठा फिरवला, निघाली.

चमचाभर शेंगदाण्याचं तेल, मीठ, ठेचलेला लसूण.
काळा मसाला अगदी चिमूटभर,
घरच्या बटाट्याला काय चव असते
ते आधी कळू तरी दे.
एअर फ्रायर आठ हप्त्यांचा, पाच फिटलेत.
एकशे ऐंशी. वीस मिनिटं.
लळिंगच्या घाटात भरलेली गाडी चढते
तसा आतला पंखा घुमायला लागला.

दगूबाई कुंपणावरून वाकली.
तिच्याकडे तुरीच्या काड्या पेटलेल्या,
वांगी निखाऱ्यात सारलेली.
"हाई काय शे व माय?"
चूल आहे म्हटलं, विजेची.
"धूर नही, जाय नही,
हाई कशी चूल?"
चप्पल काढून आतच आली
आणि यंत्रासमोर बसली,
एखादी म्हातारी पहिल्या सीटवर बसते ना,
कंडक्टरवर लक्ष ठेवायला, तशी.

बाराव्या मिनिटाला लाईट गेली.
पंखा उतरत उतरत थांबला.
गल्लीतून वायरमनच्या नावाची नेहमीची शिवी उठली.
मी डबा ओढायला हात घातला,
किती कच्चे राहिले, बघू तरी.
दगूबाईनं अंधारात बरोबर मनगट धरलं.
"उघाडू नको."
राखेतलं वांगं कुणी सारखं उकरून पाहतं का, म्हणाली.

मग बसलो तशाच.
मुक्कामाच्या गाडीला रात्री जेवतेस कुठं, तिनं विचारलं.
दोंडाईच्याला, म्हटलं, रेस्टरूममध्ये. डब्यातलं.
गार?
गार.
ती काही बोलली नाही.
ताप आलेल्या पोराच्या पोटाला लावावा
तसा यंत्राच्या कुशीला तळहात लावून राहिली.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
"शे आजून."

लाईट आली. यंत्र आपली मिनिटं विसरलं होतं,
एकदाच टिंग केलं.
चौदा वर्षं माझ्या हाताला माहीत आहे,
दोन घंट्या म्हणजे चला,
एक म्हणजे थांबा, कुणीतरी उतरतंय.
डबा ओढला.
वाफ, लसूण, सुरकुतलेली साल,
कडेला मिठाचे पांढरे ठिपके,
आणि आत, बोटानं दाबलं तर,
लोण्यासारखं काहीतरी,
माझ्याच अंगणातलं.

दगूबाईनं सहा खाल्ले.
मोजायची सवय आहे म्हणून सांगते, तक्रार नाही.
"बटाटा चांगला शे," ती म्हणाली.
मशीनबद्दल अवाक्षर काढलं नाही.
मग एकदम उठली, चप्पल न घालताच पळाली.
तिच्या वांग्यांचा तोवर कोळसा झाला होता.

तरी नऊ वाजता कुंपणावरून भरीत आलंच,
जरा जास्तच जळक्या वासाचं,
वर कांद्याची पात, दाणे, हिरवी मिरची.
गरम.
मी उभ्यानंच संपवलं.

आता वाटी रिकामी कशी पाठवू?
बॅटरी दातात धरून दुसरी गोणी चाचपते आहे.
बोटाला काहीतरी गोल लागतं.
खडा असेल,
पांझरेतून आलेला.
नळाखाली धरून बघते.